पालघाट खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे

उटीच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये पाऊल टाकलं आणि झुडपातून कुणीतरी खदाखदा हसलं. नीलगिरी लाफिंगथ्रश! आपल्या सातभाईंच्याच कुळातला. डोळ्यावर पांढरी भुवई, हनुवटी काळी आणि खालचं अंग तांबूस. पक्षी इतका धीट की दुर्बीण लावायची गरजच पडली नाही. एका सकाळीत वीसेक तरी पाहिले.

तिसऱ्या दिवशी बसने कोडाईकनाल गाठायला निघालो. कोइमतूर मागे पडलं, उडुमलपेट्टैच्या बाजूला पवनचक्क्यांच्या रांगा लागल्या. पालघाट खिंडीतून येणारं वारं हेच. सह्याद्रीत पडलेली ही सुमारे 30 किलोमीटर रुंदीची फट. खिडकीतून तो सखल, तापलेला मुलूख बघताना पटलं, थंड शोला जंगलातला (शोला म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खुजं, सदाहरित जंगल) पक्षी हे ओलांडणार कसा? दोन्हीकडचे लाफिंगथ्रश म्हणूनच वेगळे होत गेले. 2017 साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि या मंडळींना ‘माँटेसिंक्ला’ अशी स्वतंत्र प्रजाती (जीनस) मिळाली.

कोडाईत शोलाच्या कडेला तासभर थांबल्यावर पळणी लाफिंगथ्रश दिसला. भुवई तशीच पांढरी, पण हनुवटीवर काळं नाही आणि छाती राखाडी. तांबूस रंग पोटाकडे उतरलेला.

मला वाटलं होतं, महत्प्रयासाने दिसला तोच जास्त धोक्यात असणार. आहे उलटं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत कोडाईचा ‘निअर थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. आणि उटीत पावलोपावली हसणारा तो ‘एन्डेंजर्ड’, म्हणजे थेट धोक्यात. कोडाईच्या पक्ष्याला पळणी, अनैमलै, मुन्नारचे डोंगर तरी आहेत. उटीवाल्याचं अख्खं जग म्हणजे नीलगिरी आणि त्याला लागून असलेली थोडी उंची. सगळा नीलगिरी जिल्हाच सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा, त्यातलाही फक्त वरचा भाग त्याचा. तिथेही शोला आणि गवताळ माळ हटवून चहा, निलगिरीची झाडं आणि वॅटल ही परदेशी बाभूळ लावलेली. बागेतली ती वीसची गर्दी आठवून पोटात कालवलं.

एक गोष्ट मात्र मनाला फार भिडली. पळणीच्या या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ‘फेअरबँकी’. सॅम्युअल फेअरबँक हे अमेरिकन मिशनरी, पण त्यांचं आयुष्य गेलं आपल्या अहमदनगरकडे, मराठी मिशनमध्ये. पळणीच्या डोंगरात त्यांनी पक्षी गोळा केले आणि 1869 साली निसर्ग अभ्यासक ब्लॅनफर्डने याला त्यांचं नाव दिलं. निघताना शोलाकडे वळून पाहिलं, तर आतून पुन्हा तेच हसणं ऐकू आलं.