कान दिसले पाहिजेत

पुण्याहून पंढरीच्या वारीला निघताना मी स्वतःला बजावले होते की यंदा चालायचे, छायाचित्रे काढायची नाहीत. तरीही एक कॅमेरा आणि एकच लेन्स पिशवीत घातलीच. एकादशीचा उपवास, सासवडपर्यंतची सुमारे बत्तीस किलोमीटरची चाल आणि त्यात दिवेघाटाच्या प्रत्येक वळणावर कठड्याला लटकलेले माझेच व्यवसायबंधू पाहून मला चीड आली. दरवर्षीचाच तो नागमोडी रस्ता, तीच पताकांची रांग. आणि चीड येण्याचे खरे कारण हे की मीही तेच छायाचित्र चार वेळा काढले आहे. पुढे जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण आणि फलटण हे सारे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. कुठल्या मुक्कामी पाऊस आला हेदेखील सांगता येणार नाही.

बरडचा मुक्काम सोडल्यावरची दुपार मात्र लख्ख आठवते. उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. मागच्या दिंडीतले टाळकरी तालात पुढे सरकत होते आणि माझे पाऊल नेमके तालाविरुद्ध पडत होते, त्यामुळे तो सुंदर अभंगही मला त्या घटकेला नकोसा झाला. धर्मपुरीच्या अलीकडे रस्त्याकडेला एका दिंडीचा ट्रक उभा होता. त्याच्या सावलीत मी मोजा काढून बसलो, तोच शेजारचे एक म्हातारे माळकरी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेऊन बसले. मी संकोचाने पाय ओढून घेऊ लागलो, तर म्हणाले, "माऊली, हलू नका." टोपीच्या घडीतून त्यांनी सुई काढली, दोरा तेलात बुडवून फोडातून आरपार ओवला आणि दोन्ही टोके मोकळी ठेवून कापली, म्हणजे पाणी झिरपत राहते आणि कातडे निघत नाही. मग हात धोतराला पुसत त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले.

"तुम्ही फोटो काढता का? मग माझा एक काढा. पण टोपी काढून. साहेब म्हणले, कान दिसले पाहिजेत."

म्हाताऱ्यांच्या पगारासाठी, म्हणजे वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी, हयातीचा दाखला द्यायचा होता आणि टोपीतला फोटो कचेरीतून परत आला होता. मला त्यांचा चेहरा हवा होता तो टोपीसकट, सुरकुत्यांवर तिरपा उजेड घेतलेला, मागे धुरकट पताका असलेला. त्यांना हवा होता साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पुरावा. अर्थात त्यांचेच चालले. दोघा टाळकऱ्यांनी वाळत घातलेले धोतर पडद्यासारखे ताणून धरले, त्यावर सावली पडू नये म्हणून म्हाताऱ्यांना मी हातभर पुढे बसवले आणि डोळ्यांखालचा काळोख उजळावा म्हणून त्यांच्या मांडीवर पांढरे उपरणे पसरले. स्टुडिओत याहून चांगला उजेड मला क्वचितच मिळाला असेल. कपाळाचे गोपीचंदन कचेरीत चालणार नाही, अशी शंका कोणीतरी काढली. "टोपी काढली तेवढं पुरे," एवढेच ते म्हणाले आणि लेन्सकडे असे रोखून पाहू लागले की मीच दोनदा नजर खाली घेतली.

त्यानंतर तुळशीवाल्या दोन मावश्या उभ्या राहिल्या, मग स्वयंपाकी, मग त्याचा पुतण्या. माझी पालखी पुढे निघून गेली होती आणि मी मनातल्या मनात चरफडत होतो; तरी हात थांबत नव्हता. शेवटी म्हाताऱ्यांकडे वळलो, तर टोपी डोक्यावर ठेवून ते चालू लागले होते. मला हवे असलेले छायाचित्र पाठमोरेच राहिले.

नातेपुत्याच्या एका स्टुडिओतून रात्री सगळ्यांचे आठ-आठ फोटो छापून घेतले. मग ती दिंडी शोधण्यात तीन मुक्काम गेले. ट्रकवरचा क्रमांक मी टिपून ठेवलाच नव्हता, हा माझा गाढवपणा. पुरंदावड्याचे गोल रिंगण त्या पाकिटासकट पाहिले, घोडा धावताना खिशावर हात ठेवून. अखेर वाखरीला, इतक्या पालख्यांच्या गर्दीत, त्या दोन मावश्यांनीच मला ओळखले.

म्हाताऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेले, आठ मोजले आणि हरिपाठाच्या पुस्तकात ठेवले. पैसे घेत नाही म्हटल्यावर रागावले, म्हणून बुक्क्याने काळी झालेली वीस रुपयांची नोट मी घेतली. मग त्यांनी एक फोटो पुन्हा बाहेर काढला.

"कान आले," ते म्हणाले, "पण टोपी नसली की मी थोरल्या भावासारखा दिसतो. तो वारीला कधी आला नाही."

निघण्याचा कर्णा वाजला. तंबूचे पाल उतरवण्यासाठी त्यांनी मला दोरीचे दुसरे टोक धरायला सांगितले.