वाऱ्याला उभं राहताना

लग्न होऊन गिरगावात आले तो एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे अकरा वाजले तशी मी सवयीने उठले, खोलीच्या दोन्ही खिडक्या धडाधड लावल्या आणि गॅलरीकडचं दारही ओढून घेतलं. नागपूरच्या मुलीला हे कोणी सांगावं लागत नाही. कुकर चढवता चढवता सासूबाईंनी मान वळवून पाहिलं.

"अगं, खिडक्या का लावल्यास? जीव घेतेस की काय आमचा?"

"झळा येतील ना, आई."

"झळा?" मी जणू घरात उंट शिरतील असं म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग हात पुसत त्या उठल्या आणि एकेक खिडकी सताड उघडत गेल्या. त्यांच्यापाठोपाठ घरात जे आलं ते पाहून मीच गप्प झाले. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, दोरीवरचे टॉवेल हलले. उन्हाळ्यात दुपारी वारा आत घ्यायचा असतो, ही गोष्ट मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळली.

नागपुरात आम्ही मे महिन्यात वाऱ्यालाही उभं राहत नाही, आणि हे मी वाक्प्रचार म्हणून सांगत नाहीये. माणसाच्या कातडीचं तापमान असतं पस्तीसच्या आसपास. बाहेरची हवा ४५ अंशांवर गेली की वारा म्हणजे भट्टीचं तोंड. जितका जोरात येईल तितका जास्त भाजेल. म्हणून दारं-खिडक्या बंद, आणि बाहेर पडायचंच झालं तर दुपट्टा. डोकं, कान, नाक, गळा सगळं घट्ट गुंडाळून फक्त डोळे उघडे. दुपारी सीताबर्डीवरून स्कूटीवर जाणाऱ्या पोरी पाहाव्यात, दरोडा टाकून निघाल्यासारख्या दिसतात. दुपट्टा ओला केला तर पाच मिनिटं स्वर्ग आणि सहाव्या मिनिटाला तो खडखडीत कोरडा. संध्याकाळी गच्चीवर बादल्याच्या बादल्या पाणी मारायचं, बाजा टाकायच्या. तापलेली फरशी चर्र करायची आणि अर्ध्या तासात अंगावर चादर घ्यावीशी वाटायची. आमचा सगळा उन्हाळा पाण्यावर चालतो. कूलर काय, माठ काय, वाळ्याच्या ताट्या काय, पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं.

हे सगळं शास्त्र मी सामानाबरोबर मुंबईला आणलं होतं. कामावर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी दुपट्टा नागपुरी पद्धतीने बांधला आणि आईने बजावल्याप्रमाणे पर्समध्ये एक कांदा टाकला. कांद्याचा आणि उन्हाचा काय संबंध, हे मला आजपर्यंत कोणी पटवून दिलेलं नाही. पण आई सांगते म्हणून घ्यायचा. चर्नी रोडला गाडीत चढले. ग्रँट रोड येईपर्यंत दुपट्ट्याच्या आत घामाचा पाऊस सुरू झाला होता आणि दादरच्या आधी शेजारच्या काकूंनी नाक मुरडून विचारलं, "भाजी घेऊन निघालीस का गं? कांदा वास मारतोय." उतरताना दुपट्टा सोडला तर तो पिळण्याइतका ओला. आणि संध्याकाळी घरी पोचले तेव्हाही ओलाच. मला सगळ्यात धक्का बसला तो याचा. नागपुरात ओलं कापड ओलं ठेवण्यासाठी धडपड करावी लागते. इथे फुकटात ओलं, आणि गारवा मात्र काडीचा नाही.

घाम आला की गार वाटतं असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. घाम उडाला तर गार वाटतं. एक लिटर घाम अंगावरून उडून गेला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून ठिबकून जमिनीवर पडला तर त्याने आपलं काहीही भलं केलेलं नसतं. हवेत आधीच पाणी ठासून भरलेलं असेल तर आपला घाम जाणार कुठे? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा किती खाली येतो, यावरून याचा हिशेब लागतो. नागपूरच्या ४५ अंशांत, १५ टक्के आर्द्रतेला, ते ओलं फडकं साधारण चोविसापर्यंत उतरतं. मुंबईच्या ३४ अंशांत, ७० टक्के आर्द्रतेला, ते एकोणतिसाच्या आसपासच अडकतं. म्हणजे माणूस नावाचं ओलं फडकं मुंबईत कमी गार होतं, बाहेर अकरा अंश कमी असूनही.

हे सगळं मी माझ्या भावाला फोनवर समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "चौतीसले कोणी उन्हाळा म्हणते का व ताई? आमच्याकडं सकाळी नवाले असते एवढं." हवामान खातं मात्र त्याच्यापेक्षा समजूतदार आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात निदान ४० अंश लागतात, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच विचार सुरू होतो. त्याला हे पटलं नाही. मग १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात सरकारी पुरस्काराच्या सोहळ्याला आलेली लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली आणि त्यातली १४ उष्माघाताने दगावली. पारा चाळिशीच्या आतच होता. त्या रात्री त्याचा फोन आला. "तू बरी आहेस ना?" एवढंच विचारलं त्याने. चौतीसची थट्टा नंतर कधी केली नाही.

तर पाणी हरलं. राहिला वारा. आणि मुंबईतला वारा ही वेळापत्रकाची गोष्ट आहे, हे मला सासूबाईंनी शिकवलं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे हे आम्ही पाठ केले होते ते पाच मार्कांसाठी. नागपूरला समुद्र खूप दूर, त्यामुळे दोन्ही वारे आम्हाला सारखेच परके. इथे ते रोज दारात येतात. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून येतो तो खारा. आणि या दोघांच्या पाळ्या बदलताना मध्ये एक सुट्टी असते. सकाळी साडेआठ ते साडेदहा-अकरा. मतलई संपलेला, खारा अजून निघालेला नाही. पिंपळाचं पानसुद्धा हलत नाही. नेमकी हीच वेळ सगळ्या मुंबईने ऑफिसला जायची ठरवली आहे. कुणी ठरवलं असेल देव जाणे, पण तो माणूस किनाऱ्यावरचा नसणार.

मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्याला यायला दुपार होते. त्या दिवशी मुंबईचा पारा एकदम चढतो आणि वर्तमानपत्रांत मथळा येतो. सासूबाईंना वर्तमानपत्र लागत नाही. बारा वाजले तरी कॅलेंडर हललं नाही की त्या म्हणतात, "आज लेट आहे."

वारा आला म्हणून लगेच सगळं सुटत नाही. सावलीही हवी असते, आणि इथे एक मोठी पंचाईत आहे. ती मला आमच्या ऑफिसशेजारच्या इमारतीच्या वॉचमनकाकांमुळे कळली. त्यांची एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. ती फाटकाजवळ असायला हवी, पण ती दिवसभर हिंडत असते. नऊ वाजता इमारतीच्या पश्चिमेला. बाराला आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी. आणि दोननंतर शेजारच्या इमारतीमधल्या बोळाच्या तोंडाशी, जिथे फाटक अजिबात दिसत नाही. एकदा विचारलंच. म्हणाले, "दुपारनंतर ऊन पण समुद्राकडून आणि वारा पण समुद्राकडून. भिंतीच्या मागे गेलं की ऊन लागत नाही, पण वारा मरतो. पुढे आलं की वारा मिळतो, पण ऊन तोंडावर. मग बोळ."

इतकी वर्षं मी दुपारी इमारतींच्या पूर्वेच्या सावलीत बस शोधत उभी राहत होते आणि सावलीत उभं राहूनही का उकडतंय म्हणून वैतागत होते! पश्चिमेचं ऊन आणि पश्चिमेचा वारा. अडवलं तर दोन्ही अडतात, सोडलं तर दोन्ही येतात. बोळात मात्र दोन्हीकडच्या भिंती सावली धरतात आणि वारा आक्रसून जोरात घुसतो. तेव्हापासून मी मुंबईकडे या नजरेने पाहू लागले. कुठला शहाळेवाला कुठे गाडी लावतो. टॅक्सीवाले दोन्ही दारं उघडी टाकून झोपतात ते कुठल्या वळणावर. ठाकूरद्वारसारखा समुद्राच्या दिशेने जाणारा रस्ता आणि त्याला आडवी जाणारी गल्ली यांत चार पावलांवर हवेचा किती फरक पडतो. लोकलमध्ये गाडीच्या दिशेला तोंड करून असलेल्या खिडकीसाठी बायका एका स्टेशनाएवढं उलटं का जातात, तेही उमगलं.

सासूबाईंची एक युक्ती यात बसते. बाहेर निघताना त्या एक जुना मऊ सुती रुमाल पाण्यात पिळून पिशवीत टाकतात. गल्लीतून चालताना तो बाहेर काढत नाहीत. चर्नी रोडच्या पुलावर पोचल्या की चौपाटीकडे तोंड करून थांबतात, रुमाल मानेमागे ठेवतात आणि दोन मिनिटं डोळे मिटतात. मागून येणारी गर्दी कुरकुरते. त्या हलत नाहीत. तोच रुमाल मी एकदा गल्लीत मानेवर ठेवून पाहिला तर शेक घेतल्यासारखं वाटलं. नागपूरचं पाणी आणि मुंबईचा वारा असं काहीतरी त्या पुलावर दोन मिनिटांपुरतं जुळतं. कपड्यांचं गणितही उलटं. तिकडे झाकायचं, इकडे सैल सोडायचं. पातळ सुती कुडता, आणि जीन्स नावाची गोष्ट जून उजाडेपर्यंत कपाटात. डोक्यावर मात्र छत्री हवी. ती आधी उन्हाचीच, पावसाची नंतर. प्यायचं म्हणाल तर कोकम, ताक, शहाळं, चिमूटभर मीठ यावर सगळ्यांनी सगळं लिहून झालं आहे. मला ताडगोळे आवडतात, पण ते थंड करतात म्हणून नव्हे, ते सोलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सावलीत बसायला मिळतं म्हणून.

नागावला चुलतसासऱ्यांची वाडी आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरायचं, तिथून पुढे अलिबागच्या वाटेने. मे महिन्यात दोन-चार दिवस आम्ही जातोच. नारळी-पोफळी, पाटाचं झुळझुळ पाणी, खाली काळोखी गार सावली. पहिल्या वर्षी मी दोन पोफळींना झुला बांधून पुस्तक घेऊन पडले. फोटो सुंदर आला. अर्ध्या तासात मी डासांनी फोडलेली आणि घामाने चिंब अशी घरात परतले. वाडी दाट, त्यात रोज पाणी दिलेलं, म्हणजे हवेत आणखी ओल, आणि वारा आत शिरत नाही. "तिथं पाहुणे बसतात," काकू हसून म्हणाल्या. घरची माणसं जेवण झालं की चटया काखेत मारून किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जातात.

सुरूला पानं अशी नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या. ऊन त्यात अडकून चाळल्यासारखं खाली येतं आणि वारा मात्र अडत नाही, शीळ घालत पार होतो. खाली वाळलेल्या काड्यांची गादी. वॉचमनकाकांचा पेच इथे कुणीतरी झाड लावून सोडवून ठेवला आहे. वाळू तापलेली, समुद्र डोळे दिपवतोय आणि आपण त्यापासून दोन हातांच्या अंतरावर घोरत पडलोय.

गेल्या वर्षी बाबा नागपूरहून पहिल्यांदाच उन्हाळ्यात आले. त्यांना नागावला नेलं. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर मे महिन्यातल्या वाऱ्याला शत्रू मानलेला. बनात आले तेच कानावर उपरणं घट्ट बांधून, खिशात कांदा घेऊन. साडेअकरा वाजले होते, काडी हलत नव्हती. "काय बाप्पा, इथं तर जीव गुदमरून राह्यला," म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाराच्या पुढे केव्हातरी वरची टोकं हलली, मग मधली, मग तो आवाज सुरू झाला. बाबा सवयीने उठून बसले. बंद करायला खिडकी शोधत असावेत. खिडकी नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. ते उडालं तसं पकडून मांडीखाली दाबून ठेवलं आणि दोन्ही कान वाऱ्याला देऊन समुद्राकडे पाहत राहिले.

"किती वाजता सुटतो हा?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, विदर्भ एक्सप्रेसची चौकशी करावी तसं.

"बाराच्या सुमारास," सासूबाई म्हणाल्या. "कधी कधी लेट होतो."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकरालाच बाबा चटई काखेत मारून अंगणात उभे होते.