खदानीचं तळं : बाबांसोबत लाउझिट्समध्ये तीन दिवस

माझ्या बाबांनी चंद्रपूरकडच्या खुल्या कोळसा खदानीत ३१ वर्षं डंपर चालवला. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदा माझ्याकडे बर्लिनला आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी राजवाडे, संग्रहालयं, नदीतली बोट असं सगळं ठरवून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी रात्री जेवताना मी सहज बोलून गेले, की इथून दोन तासांवर जुन्या खदानी पाण्याने भरून मोठमोठी तळी केली आहेत, लोक तिथे पोहायला जातात. बाबांनी घास ताटात ठेवला.

"खदानीत पोहतात? मग काठाचं काय केलं? आणि ओबी कुठं टाकली?"

ओबी म्हणजे कोळशाच्या वरची माती, मुरूम, दगड. आमच्या कॉलनीच्या खिडकीतून तिचे डोंगर दिसायचे. आणि काठाबद्दल ते का विचारत होते, तेही मला माहीत होतं. आमच्याकडे बंद पडलेल्या खदानीत पावसाळ्याचं पाणी साचतं, निळंशार दिसतं. पण काठ सरळ तुटलेला, पाय टेकायला जागाच नाही. माझ्या शाळेतला एक मुलगा सातवीत असताना अशाच पाण्यात गेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत बाबा होते.

म्हणून जून २०२३ मध्ये आम्ही दोघं लाउझिट्सला गेलो. बर्लिन आणि ड्रेस्डेन यांच्या मधला हा पट्टा, अर्धा ब्रांडेनबुर्गमध्ये, अर्धा सॅक्सनीमध्ये. मेपासून ४९ युरोंचं देशभराचं मासिक तिकीट सुरू झालं होतं, तेच बाबांसाठी काढलं. ते फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान गाड्यांना नाही. आणि ते सदस्यत्व असतं. पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. पाहुण्यांसाठी काढत असाल तर ही तारीख विसरू नका.

मुक्काम ग्रोसरेशनला केला. गावाच्या दक्षिणेला मॉयरो नावाची खदान होती, ती १९९९ मध्ये बंद झाली. तिच्यासाठी गावाचा एक अख्खा भाग, ब्यूकगेन, पाडला होता. सुमारे ४००० माणसं उठवली. २००७ च्या मार्चमध्ये खड्ड्यात पाणी सोडायला सुरुवात केली आणि तो भरायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. पाणी श्प्रे आणि श्वार्त्स एल्स्टर या नद्यांचं, आणि नद्यांना पाणी कमी असलं की भरणं थांबवायचं. नुसत्या भूजलावर सोडून दिलं असतं तर कित्येक दशकं गेली असती. नदीच्या पाण्याने काठाला आतून आधारही मिळतो.

काठावर बांधलेल्या गच्च्यांवरून लोक तळं पाहत होते. बाबा मात्र थेट धक्क्याकडे गेले. लोखंडी जाळीचा लांब धक्का, पाण्यावर पुढे गेलेला. त्यांनी कठड्याखालच्या आडव्या-तिरप्या पट्ट्यांवरून हात फिरवला, एका रिव्हेटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माय, हा पूल नाही. हा मशीनचा हात आहे." मी माहितीफलक वाचला. खरंच, ओबी पसरवणाऱ्या यंत्राची ती जुनी भुजा होती. खड्डा कोरडा होता तेव्हापासून ती तिथे उभी होती, पाण्याची वाट पाहत.

दुसऱ्या दिवशी आमची फजिती झाली. मी फोनवरच्या नकाशात झेडलिट्सच्या तळ्याकाठचा रस्ता पाहून दोन सायकली भाड्याने घेतल्या. चार किलोमीटरवर रस्त्यात कुंपण आणि पाटी : प्रवेश बंद, जिवाला धोका. नकाशात रस्ता दिसतो म्हणजे तो उघडा असतोच असं नाही. इथे मात्र पाटी हाच शेवटचा शब्द समजायचा. खदानीच्या काठाशी वाळू सैल टाकलेली असते, तिच्यात भूजल वर चढतं आणि एखाद्या हादऱ्याने ती अख्खी जमीन पाण्यासारखी वाहू लागते. २०१० मध्ये श्प्रेटालजवळ मोठा भाग असाच खचला. २०१८ मध्ये झेन्फ्टनबेर्गच्या तळ्यातल्या बेटाचा काठ सरकला, आणि ते तर १९७३ पासून पोहायला खुलं असलेलं, जुनं तळं.

कुंपणाशी उभ्या असलेल्या एका वयस्क कामगाराला मी जर्मनमध्ये विचारत होते आणि बाबांना सांगत होते. जमीन घट्ट करायला दोन उपाय करतात, तो म्हणाला. लांब कंप पावणारी नळी खोलवर घालून वाळू दाबत आणायची, नाहीतर खोलात लहान लहान स्फोट करायचे, म्हणजे कण एकमेकांत बसतात. "ब्लास्टिंगने जमीन घट्ट करतात?" बाबांनी तीनदा विचारलं. आयुष्यभर ब्लास्टिंगचा भोंगा वाजला की डंपर मागे घ्यायचा आणि मग फुटलेलं उचलायचं, हेच त्यांनी केलेलं. त्यांनी त्या कामगाराचा हात दोन्ही हातांत धरला.

वळसा घालून आम्ही तळ्याकाठच्या गंजलेल्या पोलादाच्या मनोऱ्यावर चढलो. ३० मीटर उंच आहे, गावकरी त्याला 'गंजका खिळा' म्हणतात. वरून तीन-चार तळी आणि त्यांना जोडणारे कालवे दिसतात. त्यातल्या एका कालव्याला झोर्नो हे नाव आहे, कारण तिथे झोर्नो नावाचं गाव होतं. लाउझिट्समध्ये अशी शंभराहून अधिक गावं पूर्ण किंवा थोडीबहुत खणून गेली. त्यांतली बरीच सॉर्ब लोकांची. त्यांची भाषा स्लाव्ह आहे, आजही पाट्यांवर जर्मनखाली दिसते. गावाचं नाव कालव्याला देणं मला पुरेसं वाटत नाही. निदान ते नाव रोज कुणाच्या तरी तोंडी येतं, एवढं खरं.

परतताना एका ओढ्याचं पाणी दिसलं, तुळशीवृंदावनाला लावतो त्या कावेसारखं लाल. खणलेल्या मातीतल्या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा लागली की आम्ल आणि लोह सुटतं. तेच भूजलाबरोबर नदीत उतरतं. तळ्यांतही सुरुवातीला पाणी इतकं आंबट असतं की मासे जगत नाहीत. मग नावेतून चुना सोडावा लागतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बाबांनी एक काडी बुडवली आणि वाळल्यावर तिच्यावर बसलेला लाल थर नखाने खरवडून पाहिला. आमच्या नाल्याचा रंगही त्यांना आठवला असणार. बोलले काही नाहीत.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीने लिष्टरफेल्डला गेलो. बस सोयीची मिळाली नाही, आणि जाऊनयेऊन बरेच पैसे लागले, तरी माझ्या मते हेच सगळ्यांत आधी पाहावं. तिथे एफ ६० नावाचा ओबी वाहून नेणारा पूल आहे, ५०२ मीटर लांब. हेल्मेट घालून, मार्गदर्शकाबरोबर वर चढता येतं. खड्ड्याच्या एका बाजूची माती पट्ट्यावरून थेट दुसऱ्या बाजूला टाकायची.

"मग डंपर?"

"डंपर लागतच नाही, बाबा."

ते टोकाला बराच वेळ उभे राहिले. हे यंत्र जेमतेम १३ महिने चाललं आणि १९९२ मध्ये बंद पडलं, हे सांगितल्यावर त्यांनी चुकचुकल्यासारखा आवाज केला.

संध्याकाळी ग्रोसरेशनच्या तळ्याकाठी बसलो होतो. पाच वाजले होते, म्हणजे तिकडे साडेआठ. बाबांनी त्यांच्या शिफ्टमधल्या एका जुन्या सोबत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तळ्यावर फिरवला. नावा, पलीकडच्या उतारावरचा द्राक्षमळा, पाण्यात उतरलेली लहान मुलं.

"खदान आहे ही," बाबा म्हणाले.

तिकडून आवाज आला, "पाणी राहू दे बाप्पा, काठ दाखव."

बाबा उठले, चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फोन खाली धरून हळूहळू पाण्यात चालत गेले. घोटा, पोटरी, गुडघा. पंधरा-वीस पावलं झाली तरी पाणी गुडघ्यापर्यंतच होतं.