ड्रॅगनवर पीएच.डी.: माझा अनुभव

पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, निघाली, गाईड मॅडम मिळाल्या, कोर्सवर्क झालं. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. खरी गंमत आरआरसीपासून, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपासून सुरू झाली. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. विषय घेतला होता फँटसी मालिकांमधलं कथन आणि त्यात कोणाला कसं दाखवलं जातं याचा. मुख्य मालिका 'गेम ऑफ थ्रोन्स', एचबीओची, २०११ ते २०१९, आठ सीझन, ७३ भाग. आमच्याकडे इंग्रजीत पीएच.डी. म्हणजे भारतीय इंग्रजी कादंबरी, फार तर डायस्पोरा. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी सिनॉप्सिस चाळला आणि विचारलं, "सर, याचा मराठवाड्याशी काय संबंध?"

हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं. मी पैठणची गोष्ट तयार ठेवली होती. तिथल्या सातवाहनाच्या दरबारातला गुणाढ्य पैज हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशभाषा या तिन्ही सोडून बसला. मग त्यानं पैशाची नावाच्या भाषेत, स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती झिडकारली. गुणाढ्य डोंगरावर आग पेटवून एकेक पान जनावरांना वाचून दाखवत जाळत गेला, आणि राजा धावत पोचला तेव्हा लाखभर श्लोकच उरले होते. ही हकिकत सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे, अकराव्या शतकातल्या. "उडणारे विद्याधर, गोष्टीत गोष्ट, सगळं आहे त्यात. अद्भुताला आत घ्यायचं की नाही, हा वाद आपल्याच भागात झालाय सर," असं म्हणालो. सर हसले. "बरं. पण प्रॉप घेतलाय तर नीट वापरा. नुसतं नाव टाकू नका."

प्रॉप म्हणजे व्लादिमिर प्रॉप, लोककथांचा रशियन अभ्यासक. १९२८ च्या पुस्तकात त्यानं शंभर रशियन परीकथा तपासून घटनांचे ३१ टप्पे आणि पात्रांच्या सात भूमिका काढल्या: नायक, खलनायक, दाता, मदतनीस, राजकन्या, धाडणारा, खोटा नायक. मालिकेला हे लावताना पहिल्याच सीझनमध्ये घोळ होतो. ज्याला आपण नायक धरून बसलेलो असतो त्या नेड स्टार्कचं मुंडकं नवव्या भागात उडतं. परीकथेत असं होत नाही, म्हणून तर त्या भागाची इतकी चर्चा झाली. यावर भरपूर लिहिलं गेलंय, माझंही एक प्रकरण त्यात गेलं आणि ते प्रबंधातलं सगळ्यात मिळमिळीत प्रकरण आहे.

काम पुढं सरकलं ते रजिस्टरमुळं. लांब खतावणीसारखं रजिस्टर आणून रकाने आखले: पात्र, प्रॉपची भूमिका, कोणाशी बोलतो, कशाबद्दल बोलतो. रात्री जेवणं झाल्यावर एक-एक भाग थांबवत थांबवत बघायचा. मिसांदेई आणि ग्रे वर्म यांच्या ओळी भरताना 'मदतनीस' हाच शब्द येत राहिला. ही दोघं डेनेरिस राणीच्या गोटातली कृष्णवर्णीय पात्रं, दोघंही गुलामीतून सुटलेली. बोलणं मात्र बहुतेक वेळा राणीच्या कामाचं. प्रॉपकडे कथा सुरू होते ती खलकृत्यानं, नाहीतर कुणाला तरी काही कमी असल्यानं, म्हणजे उणिवेनं. ज्याची उणीव, त्याची गोष्ट. मदतनिसाला उणीव नसते. या दोघांना स्वतःचं असं मागणं मिळतं ते थेट आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात: युद्ध संपलं की नाथ बेटावर, मिसांदेईच्या गावी जायचं. चौथ्या भागात तिला साखळदंडात उभं करून मारतात. शेवटी ग्रे वर्म तिच्याविनाच नाथकडे निघतो. आई त्या दिवशी मागं भाजी निवडत बसली होती. "आताच तर गावाकडं जायचं म्हणली की ती, मारायलेत कशाला?" माझ्या पाचव्या प्रकरणाचा मुद्दा एका वाक्यात निघाला. नोंद मी तिच्या नावानं टाकली नाही, याची रुखरुख आहे.

गोष्ट गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीय फक्त मदतनीस, असं का, यावर ठरलेलं उत्तर असतं, की मध्ययुगीन युरोप तसाच होता. पण मालिकेतलं वेस्टेरॉस कुठल्याच नकाशात नाही. तिथं ड्रॅगन उडतात ते कुणीतरी ठरवलं म्हणून, आणि कोणाच्या कातडीचा रंग काय हेही कुणीतरीच ठरवतं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी मुक्त झालेले गुलाम डेनेरिसला उचलून धरतात. कॅमेरा वर जातो आणि सावळ्या गर्दीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरतो. चित्रीकरण मोरोक्कोत झालं, गर्दी स्थानिकांची, हे खरं. पण मूळ कादंबऱ्यांत गुलाम सगळ्या वर्णांचे आहेत. उलट उदाहरणही आहे. लेखिका अर्सुला ले ग्विननं 'अर्थसी' कादंबऱ्यांचा नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा लिहिला होता, २००४ च्या मालिकेत तो गोरा झाला आणि तिनं त्यावर उघड लेख लिहिला.

मॅडमनी एक प्रकरण मराठीचं घालायला लावलं, आणि तिथं मी खरा अडकलो. खंडोबावरची मालिका 'जय मल्हार' (झी मराठी, २०१४ ते २०१७) फँटसी म्हणायची का? अद्भुत साहित्याचा अभ्यासक तोदोरोव्ह म्हणतो, हे खरं की भास, अशी वाचकाची द्विधा आहे तोवरच 'फँटास्टिक'. लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत भंडारा उधळणाऱ्या माणसाला कसली द्विधा? त्याच्यासाठी ती चरित्रकथा आहे. शेवटी मी प्रकरणाच्या शीर्षकातून फँटसी शब्द काढला आणि मालिकेसोबत जागरण घेतलं. वाघ्या-मुरळीच्या जागरणात खंडोबा बाणाईसाठी ओळख लपवून धनगराघरी चाकर राहतो. मेंढ्या धुवायला नेतो, आपटून मारतो, आणि लग्नाचा शब्द घेऊन जिवंत करतो. ओळख न देता येणं, अवघड काम, लग्न: प्रॉपचे २३, २५ आणि ३१ नंबरचे टप्पे जसेच्या तसे. फक्त नायक आधीच म्हाळसेचा नवरा आहे, आणि मेंढ्या मारणारा नि उठवणारा एकच. रशियन कथांमध्ये हे बसत नाही.

बाकीच्यांच्या उपयोगाचं एक सांगतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. मालिकेवर लिहिताना कथानकाचा सारांश हमखास पकडला जातो, कारण तोच क्रम, तीच नावं शंभर ठिकाणी लिहिलेली असतात. मी सारांश काढून टाकले आणि प्रसंगांची वर्णनं रजिस्टरमधून नव्यानं लिहिली. आकडा आपोआप खाली आला. प्री-सबमिशनला चहा-बिस्किटापलीकडे काही घडलं नाही.

व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी गेम ऑफ थ्रोन्सवर एकही प्रश्न विचारला नाही. पाचवं प्रकरण उघडून म्हणाल्या, "उणिवेचा निकष तुम्ही मिसांदेईला लावलात. बाणाईला लावा. तिला काय हवंय?" मी ऐकलेल्या जागरणांत मागणं खंडोबाचं, शब्द बापाचा. लग्न होईपर्यंत बाणाईचं मागणं कुठंच नाही. ती तोंड उघडते ते नंतर, सवतींच्या भांडणात. तिथं म्हाळसा आणि ती एकमेकींचं कूळ, खाणंपिणं काढतात आणि बाणाई एक शब्दही खाली पडू देत नाही. एवढं सांगितलं. "मग हे प्रबंधात का नाही?" मी म्हटलं, मालिकेच्या मर्यादेत राहिलो. त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही, पण अहवालात वेगळा पेपर लिहावा असं नमूद केलं. पदवीचं नोटिफिकेशन निघालंय. सध्या भांडणाच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं उतरवून घेतोय, आणि रजिस्टरमध्ये बाणाईच्या नावापुढचा भूमिकेचा रकाना अजून कोराच ठेवलाय.