छपराखालचा विस्तव

आनयांगच्या हॉटेलात लिफ्टशेजारी एक लाल पाटी होती. चिनी येत नसलं तरी लिफ्टपाशी काय लिहिलेलं असणार ते कळतंच: आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. मी थबकले ते पहिल्या दोन अक्षरांपाशी. पहिल्यात पाय फाकवून उभा असलेला माणूस आणि दोन्ही बगलांशी एकेक ठिणगी, ती आग. दुसऱ्यात तोच माणूस, फक्त डोक्यावर छप्पर घेऊन.

"ते ना? चाय," आमची दुभाषी म्हणाली. "आपत्ती."

उच्चारातला 'च' म्हणजे 'चाक'मधला, 'चहा'मधला नव्हे. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे जीभ अडखळते, आपल्याला मात्र तो आयता मिळालाय. सूर तेवढा वर धरून सपाट ठेवायचा. मी खुशीत दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि त्याच खुशीत नाश्त्याला गेले.

आनयांगचा नाश्ता म्हणजे बिएनफनत्साय. हाडांच्या रश्शात चपट्या पारदर्शक शेवया, टोफू, पालेभाजी आणि वर तिखटाचा तवंग. नावातल्या शेवटच्या अक्षराला हवेचा झोत लागतो आणि सूर वरून खाली आपटतो. मी झोतही दिला नाही, सूरही आपटला नाही. दुकानातल्या मावशी पळी हातात धरून बघतच राहिल्या, मग खो खो हसल्या. मी चपट्या शेवयांची आपत्ती मागवली होती म्हणे. वाडग्यात डुकराच्या रक्ताच्या वड्या तरंगताना दिसल्या, तेव्हा माझ्यापुरतं ते नाव बरोबरच निघालं.

झेंगझोऊला कंपनीच्या कामासाठी आले होते. रविवार मोकळा मिळाला म्हणून जलद गाडीने हेनान प्रांताच्या या उत्तर टोकाला आलो. इथे २००९ साली उघडलेलं चिनी लिपीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याची कमानच एका अक्षराची आहे: छपराखाली मूल, म्हणजे 'अक्षर'. छपराखाली डुक्कर म्हणजे 'घर'. छपराखाली बाई म्हणजे 'शांतता', आणि आनयांगमधलं 'आन' ते हेच. (हे ठरवणारा पुरुषच असणार.) त्याच छपराखाली आग शिरली की चाय.

पण आत मांडलेल्या, अक्षरं कोरलेल्या जुन्या हाडांवर पाहिलं तर आग एकटी नव्हती. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वी शांग या प्राचीन चिनी घराण्याच्या राजांच्या काळात या शब्दासाठी तीन वेगळी चित्रं होती. एकात पाण्याच्या लाटा, कधी त्यांच्या मधोमध आडवी खूण, जणू नदी तुंबलीय. दुसऱ्यात घरात आग. तिसऱ्यात लांब दांड्याचं हत्यार, म्हणजे लढाई. पुढे तिन्ही एकमेकांत मिसळली. तैवान, हाँगकाँग आणि जपानमध्ये आजही वर पाण्याचे तीन बाक आणि खाली आग असंच लिहितात. जपानात २००४ आणि २०१८ या दोन्ही वर्षी 'वर्षाचं अक्षर' म्हणून लोकांनी हेच निवडलं होतं. मुख्य भूमीवर १९५०च्या दशकात लिपी सोपी करताना छपराखालची आग तेवढी ठेवली. त्यामुळे चीनमध्ये आता 'पूर' लिहितानाही आधी पाणी काढतात आणि मग जळणारं घर. मला हे जरा अन्यायाचंच वाटलं, कारण या भागाचं खरं दुखणं पाणी आहे. २० जुलै २०२१ला झेंगझोऊत एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि मेट्रोच्या बोगद्यात पाणी शिरून १४ माणसं गेली. दुभाषी तेव्हा तिथेच शिकत होती. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर गाड्या तरंगताना पाहिल्या, एवढंच तिने सांगितलं. मीही पुढे विचारलं नाही.

आपल्याकडे 'अस्मानी-सुलतानी' म्हणतात ते मी तिला समजावून सांगितलं, तर ती टाळी देऊन म्हणाली, आमच्याकडे 'थिएनचाय रनहुओ': आभाळाची आपत्ती, माणसाचं अरिष्ट. जुन्या ग्रंथात तर असा भेदच केलाय, की माणसाने लावली ती नुसती आग, आभाळाने लावली ती चाय.

दुपारी हुआन नदीकाठच्या यिनशूला गेलो. शांगांची ही शेवटची राजधानी. इथे कासवाच्या पोटाचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड मागून खळगे पाडून तापवायचे, पुढे तडे जायचे आणि त्या तड्यांवरून राजा भविष्य वाचायचा. दात दुखतोय, पाऊस पडेल का, राणीला मुलगा होईल का, काहीही. प्रश्न हाडावरच कोरायचे. १९३६ साली एकाच खड्ड्यात अशी १७,०००हून अधिक कवचं आणि तुकडे सापडले. त्याआधी गावकरी ती 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधवाल्यांना विकत. किती प्रश्न कुटून पोटात गेले असतील कोण जाणे. त्यांवरची लिपी ओळखली बीजिंगच्या वांग यीरोंग या विद्वानांनी, १८९९ साली. पुढच्याच वर्षी आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या आणि वांग यांनी विहिरीत उडी घेतली. त्या फौजांत ब्रिटिशांनी नेलेले हिंदी शिपाईही होते. तिसरं चित्र, हत्याराचं, ते वांग यांच्या वाट्याला आलं.

एका काचेपाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळले. राजा शिकारीला निघालाय आणि हाडाला विचारतोय, शेवटची चार अक्षरं दुभाषीने बोट ठेवून वाचली: "वांगलाय वू चाय." जाणं, येणं, आपत्ती नाही. हाच मजकूर पुन्हा पुन्हा, कितीतरी हाडांवर. हाताशी फौज, रथ, कुत्री असलेला राजा, आणि दाराबाहेर पडताना त्याची काळजी माझ्या आईसारखीच.

संध्याकाळी स्टेशनवर आमच्या वाटा फुटल्या. ती आनयांगला मावशीकडे राहणार होती. "यीलू फिंगआन," ती म्हणाली. वाटभर शांतता, शेवटचं अक्षर तेच, छपराखालची बाई. मी सवयीने म्हणाले, "येते."

"म्हणजे?"

"जाते."

"मग 'येते' का म्हणालात?"

"आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत."

तिने क्षणभर विचार केला आणि हवेत बोटाने चार अक्षरं काढली. चौथं काढताना आधी छप्पर, मग आग.