चाकांच्या खुर्चीतून ॲश केव्हपर्यंत

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आग्नेय भागातील हॉकिंग हिल्स या राज्य उद्यानात ॲश केव्ह नावाची एक प्रचंड कपार असून, तिच्या तोंडापर्यंत सुमारे पाव मैलाची सपाट, पक्की वाट नेलेली आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला चाकांची खुर्ची लागते, म्हणून ओहायोची राजधानी कोलंबसहून मोटारीने साधारण तासाभरावर असलेली हीच जागा आम्ही निवडली.

वाट हेमलॉकच्या उंच झाडांमधून जाते. ही झाडे मूळची थंड प्रदेशातली, पण हिमयुग सरल्यावरही या घळींच्या गारव्यात ती तग धरून राहिली. पुढे कपार एकदम समोर येते : सुमारे ७०० फूट रुंद, १०० फूट खोल आणि माथ्यावरची कड ९० फूट उंच. येथील वालुकाश्माचा मधला थर ठिसूळ असल्याने तो झिजत गेला आणि वरचा कठीण थर छतासारखा पुढे आलेला राहिला. आपल्याकडच्या लेण्यांप्रमाणे येथे छिन्नी चाललेली नाही. सुरुवातीच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना आत राखेचे मोठाले ढीग आढळले, त्यावरून हे नाव पडले. ती राख मूळ रहिवाशांच्या चुलींची असावी, असे मानतात.

अजिंठ्याला आई डोलीत बसली होती आणि माणसांच्या खांद्यावरून जाताना वाटलेला संकोच ती अजून बोलून दाखवते. येथे ती स्वतः चाके फिरवत, हवे तिथे थांबत, आमच्या पुढेच होती. ओहायोच्याच एमा गेटवूड आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल हा अमेरिकेच्या पूर्व भागातला लांब पल्ल्याचा पायी मार्ग एकटीने पूर्ण केला; त्यांच्या नावाची सहा मैलांची पायवाट याच उद्यानातल्या ओल्ड मॅन्स केव्हपासून निघून येथेच येते. म्हणजे दऱ्या तुडवून आलेल्या तरुणांना जे दिसते, नेमके तेच आईलाही दिसले. सुगम वाट म्हणून लांबून दाखवलेले एखादे दुय्यम दृश्य तिच्या वाट्याला आले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

कपारीच्या कडेवरून पडणारा धबधबा मात्र सह्याद्रीतल्या पावसाळ्याची सवय असलेल्या डोळ्यांना किरकोळच वाटेल. उन्हाळ्याच्या अखेरीस तर धार नावापुरतीच उरते, म्हणून वसंतातला पाऊस पडून गेल्यावर जावे. कपारीतली जमीन वाळूची आहे, त्यामुळे पक्की वाट संपल्यावर चाके रुततात. शिवाय कड्यावरून परतणाऱ्या वाटेला पायऱ्या असल्याने खुर्चीने आलेल्यांनी आल्या वाटेनेच परतावे.