तू तर माणसासारखाच दिसते, मग तू तसा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही एकटेच नाही विचारत म्हणा, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतोच. परवा मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडं भरते त्या जत्रेत, एका सोयऱ्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता विचारलं, "तू ट्रॅक्टर चालवते, मिशी ठेवते, बोलणं पण माणसासारखंच, मग तू तसा कसा बे?"

तसा म्हणजे गे. मी गे आहे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या पलीकडं आमचं गाव, धानाची शेती आहे. मला पुरुष आवडतात. संपलं, एवढंच आहे खरंतर, पण लोकांना एवढ्यात समाधान होत नाही, कारण त्यांच्या डोक्यात 'तसा' म्हणजे साडी नेसणारा, टाळी वाजवणारा, लचकत चालणारा, असं सगळं एकाच पोत्यात भरलेलं आहे.

मी त्याला स्टेजकडं बोट दाखवलं. दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, चालू होती आणि राधा झालेला माणूस नाचत होता. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, हे कोणाला सांगायला नको, दंडारीत बायांची कामं माणसंच करत आली. या राधेला मी लहानपणापासून ओळखतो. दुपारी मिशी काढते, बायको समोर बसून त्याच्या निऱ्या घालून देते, तोंडात पिना धरून, आणि हा पठ्ठ्या तिला म्हणते, "पदर जरा आखूड ठेव, मागच्या खेपेला पाय अडकला." दोन पोरं आहेत त्याला. काम झालं की साडी गुडघ्यापर्यंत खोचून बाकावर बसते आणि बिडी पेटवते. त्याला आजपर्यंत कोणी विचारलं नाही की तू तसा का. आणि तो नाहीच आहे! साडी हे त्याचं काम आहे, आवड पण आहे थोडी, पण साडीवरून तो कोण आहे हे कळत नाही अन् त्याला कोण आवडते हे तर त्याहून नाही.

आता दुसरी गोष्ट. माझ्यासोबत शाळेत एक जण होती. तेव्हा हजेरीत नाव पोराचं होतं, मी मात्र 'होती'च लिहिणार कारण तीच तसं म्हणते. नववीत तिनं मला तळ्याच्या पाळीवर बसून सांगितलं, "मी पोरगी आहो." मला काही कळलं नाही, मला वाटलं माझ्यासारखंच असेल काहीतरी. नव्हतं. मला माझ्या पुरुष असण्याबद्दल कधी शंका आली नाही, माझा घोळ होता तो मन कोणावर जाते याचा. तिचा प्रश्न ती स्वतः कोण आहे हा होता, मन कोणावर जाते ते नंतरचं, आणि ते तिच्यासारख्या ट्रान्स बायांचं पण सगळ्यांचं सारखं नसते.

एक गंमत सांगू? आमच्याकडं बाया पण 'मी जातो' म्हणतात, माझी आई अजून 'मी वावरात जातो' असंच म्हणते. माझी ती शाळेतली मैत्रीण सांगते, घरी मी कधी अडकली नाही, फक्त मराठीच्या तासाला सर 'मुलगा जातो, मुलगी जाते' म्हणून घ्यायचे तेव्हा जीभ जड व्हायची.

दहावीनंतर ती नागपूरला गेली, खूप वर्षं गावात आलीच नाही. 2014च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की आपण पुरुष, बाई की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं सांगायचं, ऑपरेशनचा आग्रह धरायचा नाही. तो निकाल तिला तोंडपाठ आहे. 2019च्या कायद्यानंतर जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचं ओळख प्रमाणपत्र पण काढलं. पण गावात आली ती बापाच्या तेरवीला. पंगत बसत होती, इकडं माणसं, तिकडं बाया, आणि ही मधात उभी. कोणी काही म्हणेना. मग एका म्हाताऱ्या काकूनं आपली पत्रावळ बाजूला सरकवली, "बस वो बाई इथं, मी पाय आखूड घेतो." बसली. पण बुंदी वाढणारा पोरगा तिच्यासमोरून सरळ पुढं गेला, काकूनं हाक मारून परत बोलावला.

मी समोर माणसांच्या पंगतीत जेवत होतो, माझ्याकडं कोणाची नजर पण गेली नाही. नंतर ती म्हणाली, "तुझं बरं आहे, तुले कोणी पाहत नाही." खरं आहे. आणि माझं दुखणं पण तेच आहे.

2018च्या 6 सप्टेंबरला मी चौकातल्या हॉटेलात चहा पीत होतो, टीव्हीवर बातमी आली की कलम 377 मधून आमच्यासारख्यांना सोडलं, पुरुषा-पुरुषातले संबंध गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी 1860 साली करून ठेवलेलं कलम ते. सगळे हसायला लागले, "आता मोकळंच झालं बे सगळं," आणि मी पण हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. त्याच्या आधी मामानं मला एका डॉक्टरकडं नेलं होतं, त्यानं ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली. 1990 पासून जागतिक आरोग्य संघटना याला आजार धरत नाही हे त्या डॉक्टरला माहीत असायला पाहिजे होतं. 2022 मध्ये तर डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननंच सांगितलं की असला 'इलाज' करणं डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे. इंजेक्शनाचे पैसे मात्र धान विकून भरले होते.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "तुमच्यात बाई कोण?" नागपूरला एक जण आहे, त्याच्याबद्दल जास्त सांगणार नाही. बाई कोणीच नाही बा, म्हणून तर आहोत सोबत! पातोडीची भाजी मी करतो, भांडी तो घासते. लग्नाचं म्हणाल तर 2023च्या ऑक्टोबरात कोर्टानं तो हक्क दिला नाही, त्यामुळं माझ्या सातबाऱ्याशी त्याचा कायद्यानं काही संबंध लागत नाही, याची काळजी मला बाकी सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त आहे. दोन बाया सोबत राहिल्या तर गाव मैत्रिणीच समजते, त्यांना हे प्रश्न कोणी विचारत नाही आणि त्यांना सांगायची जागा पण मिळत नाही, ते वेगळंच लिहावं लागेल.

सोयऱ्यानं हे सगळं ऐकलं, मधात दोनदा थुंकून आला. मग बराच वेळ राधेकडं पाहत राहिला.

"ते सोड," म्हणे, "तुझ्या श्रीराम धानाले एकरी किती पोते झाले?"

"अठरा."

"अठरा? तुडतुड्यावर काय मारलं बे?"

मग दंडार संपेपर्यंत आम्ही औषधावरच बोलत होतो.